जावेच्या अंगणातली कवठं

नांदेडहून सकाळची पहिली लातूर बस धरली, तेव्हा पिशवीत दोन दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक रिकामा डबा एवढंच सामान होतं. रिकामा डबा ही माझी जुनी खोड. जाताना रिकामा, येताना भरलेला. घरचे मला चिंगूस म्हणतात. म्हणोत बापडे! रस्त्याकडेची बोरं, देवळामागच्या चिंचा, कुणाच्या कुंपणाबाहेर पडलेली जांभळं यांच्या जिवावर मी आजवर कितीतरी केक भाजलेत, तेही जुन्या कुकरात वाळू घालून.

या वेळी निघाले होते ती शिकायला. शेजारच्या वर्षाने तिच्या आजीचं, तुळसाबाईंचं, फार कौतुक सांगितलं होतं. त्या कवठाचे रोडगे (गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड गोळे) करतात आणि सात माणसांच्या घराला एकच कवठ पुरवतात.

"एकच का गं?" मी विचारलं होतं.

"दरवर्षी एकच आणते. जुन्या गावातून. का म्हणून विचारलं तर गप्प बसते."

एका कवठात सात माणसं! मला तर त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

लोहा, अहमदपूर, चाकूर करत बस लातूरला पोचली. शिवरात्र आठवड्यावर आली होती. रानात ज्वारी पिवळी पडलेली, हरभऱ्याची काढणी चाललेली. लातूरच्या स्टँडवर दशम्या खाल्ल्या, औश्याची बस धरली आणि किल्लारीच्या वाटेवर एका फाट्याला उतरून जीपमध्ये बसले. गावाचं नाव ऐकून ड्रायव्हरने विचारलं, "नव्या गावात का जुन्या?"

"जुन्यात कुणी राहतं का?"

"ऱ्हात न्हाई कुणी," तो म्हणाला. "पर जातेत लोकं."

त्याने टेप लावला आणि मी गाणं ऐकत बसले.

नवं गाव भूकंपानंतर वसवलेलं. सरळ रेषेतले रस्ते, एका मापाची घरं. तुळसाबाईंचं घर शोधताना मी दोनदा भलत्याच दारात जाऊन उभी राहिले. बाई सत्तरीच्या पुढच्या, काटक, बोलायला मोकळ्या. चहा झाला, वर्षाची चौकशी झाली, मग त्यांनी कोपऱ्यातली दुरडी उचलली.

"चला, कवठ आणू. ऊन चढायच्या आत यायला पायजे व्हतं तुमी."

वाटेत त्यांनी नियम सांगितला. झाडाला हात लावायचा नाही, खाली पडलेलंच फळ घ्यायचं. आणि मालकाला विचारल्याशिवाय तेही नाही.

"झाड माझ्या थोरल्या जावंचं हाय. शेवंताक्काचं. बोलत न्हाई ती माझ्याशी. लई वर्सं झाली. पर मी इचारल्याबिगर घेत न्हाई."

जावाजावांचा अबोला कोणत्या घरात नसतो? मी नुसती मान हलवली.

जुनं गावठाण म्हणजे माळच होता. दगडांचे ढीग, वेड्या बाभळी, मध्येच कंबरेएवढी उरलेली एखादी भिंत. भर दुपारी इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. फक्त होले (कबुतराच्या जातीचे रानपक्षी) घुमत होते. समोर सगळं मोकळं असताना तुळसाबाई सरळ चालेनात. दहा पावलं जाऊन डावीकडे वळल्या, मग उजवीकडे. मी आपली आडवी, जवळच्या वाटेने निघाले, तर त्यांनी दंड धरून मागे ओढलं.

"लोकाच्या घरातून जाऊ नका. गल्लीनं चला."

गल्ली कुठेच नव्हती. पुढे एका ठिकाणी त्या वाकल्या, जरा चालल्या आणि पुन्हा ताठ झाल्या. मी उभीच राहिले.

"वाका की," त्या म्हणाल्या. "चौकट ठेंगणी हाय."

मी वाकले. खरंच सांगते, निमूट वाकले, आणि अंगावर सर्रकन काटा आला.

एका पडक्या ओट्यापाशी त्यांनी मला बसवलं. "हितंच थांबा. मी इचारून येते." आणि त्या एका भिंतीमागे दिसेनाशा झाल्या. भिंतीच्या वर कवठाच्या झाडाचा शेंडा दिसत होता. जाऊबाई शेताकडून तिथे येत असतील, असं मी धरून चालले. या पडक्या गावात दुसरं कोण भेटणार?

पण फुकटचं काही दिसलं की मला एका जागी बसवत नाही. त्या भिंतीच्या अलीकडेच एक बोरीचं झुडूप होतं, आणि त्याखाली सुकलेल्या बोरांचा सडा. मी ओट्यावरून उठून तिथे गेले आणि डब्यात बोरं वेचू लागले. तेवढ्यात पलीकडून तुळसाबाईंचा आवाज आला, "घेऊ का?"

जाऊबाई आलेल्या दिसत नाहीत आणि मी जवळ आल्याची चाहूल लागून या मलाच विचारतायत, असं मला वाटलं. तोंडात बोर होतं. तशाच घोगऱ्या आवाजात मी म्हणाले, "घ्या घ्या, पोटभर घ्या!"

होले एकदम थांबले. पलीकडून ना पाऊल वाजलं, ना पान. मी डबा बंद करून ओट्यावर येऊन बसले. बऱ्याच वेळाने बाई आल्या, तेव्हा त्यांच्या दुरडीत सात कवठं होती आणि चेहरा राखेसारखा झाला होता. त्या तशाच लगबगीने घराकडे निघाल्या. मात्र गल्ली एकही चुकवली नाही.

घरी परसात त्यांनी गोवऱ्या पेटवल्या. कवठ फोडलं, गर काढला, त्यात गूळ, जिरं आणि मिठाची कणी घालून कालवलं. जाड दळलेल्या गव्हाच्या कणकेचा गोळा घेऊन त्यात ते सारण भरलं. मी वहीत लिहून घेत होते. सारण सढळ भरताना पाहून न राहवून म्हणाले, "मावशी, वर्षा तर म्हणत होती, एकाच कवठात सगळ्यांचं भागवता."

त्यांचे हात थांबले.

"जुन्या गावाची रीत हाय, बाई. ज्याच्या अंगणातलं घ्यायचं त्याला हाक मारायची. जवाब न्हाई आला तर एकच उचलायचं. जवाब आला तर पायजे तितकी."

"मग आज शेवंताबाई बोलल्या?"

"आज बोलली." त्यांचे डोळे भरून आले. "भूकंपात गेल्यापासून पैल्यांदा बोलली."

मी वही मिटली. त्या सांगत राहिल्या. भूकंपाच्या साली शिवरात्रीला त्यांनी जावेच्या झाडाखालची कवठं न विचारता उचलली. जाऊ चारचौघींत म्हणाली, माणसानं विचारून घ्यावं. तुळसाबाईंना झोंबलं, बोलणं तुटलं. आज बोलू, उद्या बोलू करता करता गणपती बुडाले, आणि दुसऱ्याच पहाटे गाव गेलं. तुळसाबाईंना जिवंत बाहेर काढलं, जावेला काढलं ते मेलेली.

"तवापासून दर साली इचारते. आज सुटला अबोला. आता मी मरायला मोकळी."

राखेत रोडगे फुगत होते, खरपूस वास सुटला होता. गप्प बसावं? म्हातारीचा जीव निवला आहे, तुझं काय जातंय? पण आपल्या तोंडातलं अर्धवट चावलेलं बोर मला आठवत होतं. माझ्या खादाडपणाला तुळसाबाई जावेची माफी समजून बसल्या होत्या. ही लबाडी मला पचेना.

त्यांनी पहिला रोडगा राखेतून काढला, झटकला, फोडून अर्धा माझ्या हातात दिला. तो तसाच धरून मी म्हणाले, "मावशी, ते मी बोलले होते. बोरं वेचत भिंतीपाशी आले होते मी. चुकलं माझं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. शेजारच्या घरातून मिक्सरची घरघर ऐकू येत होती. ती थांबली, तसा त्यांनी उरलेला अर्धा रोडगा खाली ठेवला.

"काय म्हणलात तुमी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"घ्या घ्या, पोटभर घ्या."

"कितींदा?"

"एकदाच."

त्यांनी चिमट्याने निखारे सारखे केले. "ते आलं मला ऐकू. भिंतीपल्याडून. कुणीतरी बोललं, म्हणून मी घाबरून तशीच उभी ऱ्हायले. उचललं न्हाई काई. मंग झाडाच्या बुडापासून हळूच आलं. 'उन्हात उभी नको ऱ्हाऊ. घे आन जा.'"

"मी हे नाही बोलले, मावशी."

"व्हय की," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमी मला कशाला अरेतुरे कराल? खावा, निवून जाईल."

मी खाल्लं. बाहेरून राखेचा कडवटपणा, आत आंबटगोड गर. इतकं चांगलं भाजलेलं काही मी आजवर खाल्लेलं नाही, आणि इतकं भीत भीतही नाही.

निघताना त्या जीपपर्यंत सोडायला आल्या. जुन्या गावाकडे आम्ही दोघींनीही पाहिलं नाही. संध्याकाळच्या बसमध्ये अहमदपूरपर्यंत मी वही उघडून कृती नीट लिहायचा प्रयत्न केला. कणकेचं माप लिहिलं, गुळाचं लिहिलं, पुढे हात चालेना.

नांदेडला येऊन आता पंधरा दिवस झाले. वर्षा रोज विचारते, रोडगे कधी करताय, आणि मी रोज काही सबब सांगते. भिंतीच्या अलीकडे मीही होते. ते दुसरं बोलणं मला ऐकू आलं नाही. ते खरंच झालं, की माझा पडलेला चेहरा पाहून त्या भल्या बाईने तिथल्या तिथे रचून सांगितलं? अपराध माझा, अबोला त्यांचा, दोन्ही एका वाक्यात मिटवायला? फोन करून विचारता येईल. नंबर आहे माझ्याकडे. पण त्यांनी ते ऐकलं असेल तर मला भीती वाटेल, आणि रचलं असेल तर त्या अजूनही जावेच्या जवाबाची वाट बघत असतील, तेही मी खरं बोलले म्हणून. म्हणून मी विचारत नाही.