आहुप्याची झाडं आणि आमच्या जहाजाचा धूर

माळशेज घाट चढून एसटी जुन्नरच्या वाटेला लागली आणि लांबून शिवनेरी दिसला. एरवी मी खिडकीला नाक लावून बसले असते. त्या दिवशी मात्र डोक्यात राग होता, आणि रागावलेल्या माणसाला किल्लासुद्धा धड दिसत नाही.

राग कशाचा, ते आधी सांगते. मी तेलवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे. आमच्या कंपनीची दोन जहाजं अगदी एका मापाची. दुसऱ्याचं इंजिन नवं. सिलिंडरमध्ये इंधन कधी आणि किती सोडायचं ते त्यात संगणक ठरवतो. आमचं जुनं, सगळा कारभार यांत्रिक. एक टन भार एक सागरी मैल न्यायला कोण किती कार्बन हवेत सोडतं, याची दरवर्षी तुलना होते आणि जहाजांना शाळेतल्या मुलांसारखी श्रेणी मिळते. ते जहाज वर, आम्ही तळाला.

पण दोष एकट्या इंजिनाचा नव्हता. आमच्या जहाजाच्या तळावर शेवाळ आणि शिंपल्यांचा जाड थर बसला होता. असा तळ पाण्यातून रेटायचा तर इंधन जास्त जळणारच. इंधन फवारणारे नोझलही झिजलेले. तळ घासा, नोझल बदला, वेग जरा उतरवा, एवढंच मी मागत होते. ऑफिसातल्या सुपरिंटेंडंटने, म्हणजे किनाऱ्यावर बसून जहाज सांभाळणाऱ्या साहेबांनी, उत्तर दिलं, "गरज नाही. आपला धूर आता आंबेगाव तालुक्यातलं आहुप्याचं जंगल शोषून घेतं. आपण तिथे वन उभं केलंय."

रजा लागली तशी मी ते वन बघायला निघाले.

जुन्नरला रफीकभाई स्टँडवर घ्यायला आले होते. ते आमच्या जहाजावर फिटर होते. आता समुद्र सोडून गावातच वेल्डिंगचं वर्कशॉप चालवतात. भाभींनी मासवडी (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी) आणि डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा वाढला. मी कंपनीचं वन सांगितलं तसा रफीकभाईंचा घास हातातच राहिला.

"सेकंडसाब, आहुप्याला मी ल्हानपणी गेलोय. तवाबी तिथं रान व्हतंच की. यांनी काय उभं केलं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या मोटारसायकलवर निघालो. घोडेगावच्या अलीकडे मागचं चाक बसलं. गाडी ढकलत पंक्चरवाल्याकडे नेली, तर तो म्हणाला, टायरच गेलाय, नवा मागवावा लागेल. गाडी तिथेच टाकून आम्ही स्टँडवर भेळ खाल्ली आणि आहुप्याची एसटी पकडली.

माझ्या शेजारी हौसाबाई बसल्या. आहुप्याच्याच, साठीच्या आसपासच्या, मांडीवर किराण्याची पिशवी. डिंभे धरणाचं पाणी खिडकीतून बराच वेळ सोबत चाललं होतं. मी सहज विचारलं, "यंदा हिरडा कसा आहे?" हिरडा हे इथल्या डोंगरातलं औषधी फळ. कोवळं असताना झोडपून, वाळवून विकायचं, यावर इथली घरं चालतात.

"हिरडा झाडाला हाय, पर पाडू कुठं देत्यात?" त्या म्हणाल्या. "कंपनीनं मानूस ठेवलाय. म्हणतो, झाडं मोजल्याली हायेत, हात लावू नका."

"झाडं कुणाची?"

"आमची! बांधावरची. माझ्या सासऱ्याच्या बापानं राखल्याली."

मी कोण ते मला लगेच सांगवेना. रफीकभाईंनी सांगून टाकलं. हौसाबाईंनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मंग बरंच झालं आलीस. चल, डोळ्यांनी बघ."

आहुपे म्हणजे सह्याद्रीची कड. गाव संपतं तिथे जमीनच संपते आणि खाली कोकण पसरलेलं दिसतं. गावाची देवराई (देवासाठी राखलेलं रान) बाहेरून काळपट हिरवी दिसते. आत शिरलं की उन्हाळा बाहेरच राहतो. माणसाच्या कमरेएवढ्या जाड वेली, कवेत न मावणारी खोडं. इथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही.

आणि या रानाच्या तोंडाशी लोखंडी खांबांवर आमच्या जहाजाचं चित्र! खाली लिहिलेलं, की हे वन आमच्या कंपनीने फुलवलं. कंपनीने खरोखर लावलेली रोपं शेजारच्या माळावर होती. बहुतेक खड्ड्यांत वाळक्या काड्या उभ्या होत्या. ती मेली म्हणून हिशेबात देवराई धरली, तेवढ्यानेही भागलं नाही म्हणून बांधावरचे हिरडे धरले. प्रत्येक खोडावर खिळा ठोकून पत्र्याचा बिल्ला लावलेला. मी एकेका बिल्ल्याचा फोटो काढत सुटले.

राखणदार शेजारच्या गावचा, तिशीतला माणूस होता. मी ओळख सांगताच उठून उभा राहिला. "म्याडम, मला वरनं सांगितलंय तेवढंच मी करतो."

कड्याजवळ रेंज मिळाली. मी सुपरिंटेंडंटला फोन लावला.

"सर, मी आपल्या वनात उभी आहे. हे वन आपल्या कंपनीच्या, आपल्या जहाजाच्या, माझ्या पणजीच्याही आधीचं आहे."

"तुम्ही रजेवर आहात ना? मग मजा करा."

"तळ घासायचा खर्च वाचवायला तुम्ही या लोकांची झाडं अडवलीत."

"कागदोपत्री सगळं बरोबर आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

रात्री हौसाबाईंकडे नाचणीची भाकरी आणि लसणीची चटणी खाल्ली. अंगणात गावकरी जमले होते. मी दोन जहाजांची गोष्ट सांगितली. नवं इंजिन, जुनं इंजिन, घाण तळ, आणि समुद्रात सोडलेला धूर इथल्या झाडांच्या नावावर कसा लावला तेही. एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, "आमची झाडं तुमच्या जहाजाला आमी कवा दिली?"



सकाळी गाव हिरड्यांकडे निघालं. राखणदार आडवा झाला. हौसाबाई पुढे झाल्या. "तुझ्या घरी हिरडा न्हाई का? तुझी माय काय खाती?" तो बाजूला सरला. बघता बघता काठ्या चालल्या आणि झाडांखाली अंथरलेल्या लुगड्यांवर हिरवा सडा पडला. बायांनी बिल्ले उपसून काढले. मग गावकरी फलकाकडे वळले. बोल्ट गंजले होते. रफीकभाईंनी पाना मागवला आणि म्हणाले, "गाव सांगत असंल तर सोडतो." गावाने सांगितलं. जहाज आडवं झालं.

परतीची एसटी धरणाच्या कडेने उतरत होती. मी सगळं लिहून, फोटो जोडून, स्वतःच्या सहीने कंपनीला पाठवलं. जहाजावर पुढचं बोलावणं येणार नाही याची कल्पना होती, आणि ते आलंही नाही. मी आता दुसऱ्या कंपनीत आहे.

सुपरिंटेंडंटचा मात्र एकदा फोन आला होता. स्वर अगदी खुशीचा. "तुमची तक्रार मिटवली बरं का. आहुपे हिशेबातून काढून टाकलं. आम्ही दुसरं जंगल घेतलंय."

"आणि तळ?"

"कशाला? जंगल घेतलंय म्हटलं ना."

"कुठलं?" मी विचारलं. ते नुसते हसले.

म्हणजे ते जहाज अजूनही तसंच जास्तीचं इंधन जाळत चाललंय, आणि कुठल्या तरी डोंगरात सकाळी आपल्याच झाडाखाली गेलेल्या बाईला कुणीतरी अडवत असेल. मी जुन्या सहकाऱ्यांना फोन करत असते, विचारत असते. मला त्या गावाचं नाव हवं आहे.