थंड हवेची नोकरी

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी परळ तापलं होतं, तेव्हा आमच्या चाळीखालच्या हॉटेलात एक गृहस्थ रोज भेटायचे. गिरणीच्या बॉयलरपुढे अर्धं आयुष्य भाजून निघाल्यावर ते हवा थंड करणाऱ्या यंत्रांचं काम शिकत होते. चाळीत साधा पंखा कुणाकडे नव्हता, पण यांची दूरदृष्टी दांडगी.

"उरलेलं आयुष्य गारव्यात काढणार," ते बशीतला चहा फुंकत म्हणायचे.

फोर्टातल्या एका कचेरीत नोकरी लागली. महिन्याभराने भेटले, ते घामाने निथळत.

"गारवा कुठाय?" मी विचारलं.

"वर, साहेबलोकांच्या खोलीत. यंत्र तळघरात तापतं, नि त्याच्याजवळ मी."

"आणि साहेबलोक?"

"मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही म्हणतात. त्यांची डोकी थंड ठेवायचा पगार मला."

एवढं बोलून ते सभेला निघाले.