सहीच्या पाठीमागे

मंडळाला चहापानासाठी खोली हवी होती, म्हणून संग्रहालयाचे कागद भाईंदरला आले. हे वाक्य मी मनात इतक्या वेळा घोळवलंय की एव्हाना ते गुळगुळीत व्हायला हवं होतं. झालं नाही. आजही उच्चारताना माझं डोकं फिरतं.

मी तेव्हा मुंबईतल्या एका कलासंग्रहालयाच्या दप्तरखान्यात कामाला होते. कोणतं चित्र कधी आलं, कोणी दिलं, त्यासाठी कोणाकोणात पत्रव्यवहार झाला, हे सगळे कागद जपणं हे माझं काम. संग्रहालयाच्या पाठीशी कलाप्रेमी श्रीमंतांचं एक मंडळ होतं आणि त्या मंडळाची एक महिला समिती. ही मंडळी प्रदर्शनं भरवत, बक्षिसं देत, बक्षीस मिळालेली चित्रं संग्रहालयाला भेट देत. त्यांनी कामं केली, हे मी नाकारत नाही. पण आपण केलेल्या कामाचे कागद म्हणजे अडगळ, असंही त्यांनाच वाटत होतं. दप्तरखान्याच्या खिडकीतून बाग दिसायची. बाग दिसणारी खोली कागदांना कशाला, असं कोणाच्या तरी मनात आलं आणि ठराव पास झाला.

मंडळाच्या खजिनदारांनी भाईंदर पूर्वेला, खारी गावाला लागून, एक गाळा घेऊन ठेवला होता. "तात्पुरतं तिथे ठेवू," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही तिकडेच कुठेतरी राहता ना?"

तिकडेच कुठेतरी! मी मीरा रोडला, सिल्व्हर पार्कला राहत होते. गिरगावातली चाळीतली खोली सोडून आम्ही नुकतेच तिथे आलो होतो. पाणी टँकरने यायचं, रस्त्यावर माणसांपेक्षा म्हशी जास्त, पण घर आमचं होतं आणि त्याला नाव होतं. या लोकांना दहिसरच्या पुढे सगळं 'तिकडे'. गाळ्याची किल्ली माझ्या हातात पडली आणि ते घोंगडं कायमचं माझ्या गळ्यात आलं.

गाळ्याच्या दोन्ही बाजूंना स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारे कारखाने होते. त्यांची काळी भुकटी हवेतच असायची. फळीवर हात ठेवला की पंजा काळा. खाडीच्या दमट हवेने फायली फुगल्या, कोपऱ्यातून वाळवी वर चढली. मी कार्यालयाला लिहून कळवलं, तोंडी सांगितलं, पुन्हा लिहून कळवलं. "बघू, मीटिंगमध्ये घेऊ," एवढंच उत्तर. शेवटी औषध मी स्वतः आणून फवारलं आणि घरी येऊन नवऱ्याशी विनाकारण भांडले.

अशातच ते काका संग्रहालयात आले. म्हातारे, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले. पहारेकऱ्याने त्यांना माझ्याकडे पाठवून दिलं, कारण कुठे पाठवायचं कळलं नाही की तो सगळ्यांना माझ्याकडेच पाठवायचा. त्यांच्या हातात महिला समितीने नाताळासाठी छापलेलं भेटकार्ड होतं. त्यावर आमच्याच दालनातलं चित्र होतं. मिठागरात फावडी ओढणाऱ्या बायका, मागे पांढरे ढीग आणि वर तापलेलं, जवळजवळ पिवळं आभाळ. खाली छापलेलं, 'चित्रकार अज्ञात'.

"बाय," ते म्हणाले, "ह्यो अज्ञात मी हाय."

मी हसले नाही. त्यांनी मला हसण्यासारखं काही दिलंच नव्हतं. ते डोंगरीचे, उत्तनच्या बाजूच्या. तरुणपणी दोन-तीन वर्षं मुंबईला चित्रकला शिकले. मंडळाच्या प्रदर्शनात हे चित्र ठेवलं, पहिलं बक्षीस मिळालं. मग वडील गेले, शिक्षण सुटलं, मिठागरावर मुकादमी केली. हातातला ब्रश तेवढा सुटला नाही. उत्तनच्या होड्यांवर नावं रंगवायची असली की माणसं त्यांनाच बोलावत. जन्मभर दुसऱ्यांच्या होड्यांवर नावं घातली त्यांनी.

"मग चित्रावर सही का नाही केलीत, काका?"

"करू देत न्हवते. सही दिसली तं बक्षीस देनारे वळखीचा मानूस धरतील, म्हनून."

हे मात्र खरं होतं. मंडळाचा जुना रिवाजच तसा होता. चित्र बिनसहीचं द्यायचं, मागे नुसता क्रमांक. निकाल लागला की सभेच्या इतिवृत्तात क्रमांकापुढे नाव लिहायचं. रिवाज चांगला, पण त्यामुळे चित्रकाराचं नाव जगात एकाच ठिकाणी राहायचं, त्या इतिवृत्ताच्या वहीत. संग्रहालयाच्या नोंदीत फक्त 'मंडळाकडून भेट'.

मी त्यांना आमच्या अभिरक्षकांकडे, म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुखांकडे नेलं. साहेबांनी कार्ड पाहिलं, काकांना बसा म्हटलं नाही. "असं कोणीही येऊन सांगेल. कागद दाखवा, उद्या पाटी बदलतो."

"माझं वय झालं, सायब. डोळं मिटायच्या आत चितराखाली नाव बगायचं हाय. दुसरं काय नको," काका म्हणाले.

"कागद दाखवा," साहेब पुन्हा म्हणाले.

मग आम्ही रविवारी गाळा उघडायला लागलो. काका डोंगरीहून बसने स्टेशनला यायचे, पूल ओलांडून खारीपर्यंत चालत. मी त्यांना स्टुलावर बसवायची आणि बांधलेले गठ्ठे सोडायची. ते पुसून द्यायचे. बाजूच्या कारखान्यातली मशिनं रविवारीही चालू असत, त्यामुळे ओरडून बोलावं लागायचं. ती मिठागरातली पुढची बाई कोण, तर त्यांची आई, हेही त्यांनी मला ओरडूनच सांगितलं.

वही सापडली. कापडी बांधणीची, वाळवीने पाठ खाल्लेली, पण पानं शाबूत. त्या वर्षीच्या प्रदर्शनाची सभा सापडली. पान सापडलं. पानाच्या मधोमध चौकोनी भोक होतं.

फाटलेलं नव्हे, कुरतडलेलंही नव्हे. कात्रीने नीट, कडा सरळ ठेवून कापलेलं. भोकाच्या आधी इंग्रजीत लिहिलं होतं, पहिलं बक्षीस, चित्राचा क्रमांक, 'मिठागर'. भोकानंतर, राहणार डोंगरी, भाईंदरमार्गे. मधलं नाव तेवढं नाही.

काकांनी भोकातून बोट घातलं आणि काढलं. वही माझ्याकडे सरकवली. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली, कारण ते भोक कोणी पाडलं हे मला पान उलटताच कळलं. पानाच्या मागच्या बाजूला सभेचा शेवट होता आणि सभेच्या शेवटी अध्यक्षांची सही असते. भोक नेमकं तिथेच होतं. त्या काळचे अध्यक्ष इंग्रजांकडून 'सर' किताब मिळालेले होते, त्यांचा पुतळा आमच्या जिन्यात आहे. आदल्या वर्षी मंडळाचा महोत्सव झाला तेव्हा महिला समितीने 'आपले थोर आधारस्तंभ' असा सह्यांचा आल्बम केला होता. काचेच्या पेटीत ठेवलाय, येणारे पाहुणे वाकून वाकून बघतात. मीही बघितला होता. सह्या कुठून आणल्या, हे विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं. खजिनदारांकडे गाळ्याची दुसरी किल्ली होतीच.

मी समितीच्या चिटणीसबाईंना गाठलं. त्यांना जरासुद्धा संकोच वाटला नाही.

"अहो, नाहीतरी वाळवीच खाणार होती ना? आम्ही निदान सह्या तरी वाचवल्या!"

"पण त्या सहीच्या पाठीमागे माणसाचं नाव होतं."

"मागे काय आहे ते कोण बघतं?" मग जरा विचार करून म्हणाल्या, "आणि डोंगरी? तिकडे कोणी पेंटर असतो होय?"

मी म्हटलं, आल्बममध्ये चिकटवलेली सही ओल्या कापसाने हळूच सोडवू, मागचं नाव वाचू, पुन्हा चिकटवू. मंडळाने ठराव करून नकार दिला. सरांच्या सहीला धोका पोचू शकतो. अभिरक्षकांना मी भोक पडलेलं पान दाखवलं, तर म्हणाले, "यात नाव कुठेय?" म्हणजे नाव यांनीच कापायचं, यांनीच काचेखाली कोंडायचं आणि कागद आम्ही दाखवायचा! त्या दिवशी मी त्यांच्या केबिनमधून बाहेर पडले ती दार आपटूनच. आज आठवतानाही वाटतं, आणखी जोरात आपटायला हवं होतं.

त्यावर चिटणीसबाईंनी मोठ्या मनाने तोडगा काढला. पुढच्या स्मरणिकेत काकांचं नाव 'आभार' म्हणून छापू. मी निरोप पोचवला. काका म्हणाले, "पुस्तकात नको. लावायचं तं चितराखाली लाव. न्हाय तं ऱ्हाऊ दे." म्हणून मीही इथे ते नाव लिहीत नाही.

पण चित्राखाली लावणं माझ्या हातात होतं. प्रत्येक चित्राखाली पितळी चौकट असते, तीत कार्ड सरकवायचं, बस्स. ती कार्डं टाइप करायचं काम माझंच. मी संग्रहालयाच्याच मशिनवर, संग्रहालयाच्याच कार्डावर काकांचं पूर्ण नाव आणि गाव टाइप केलं आणि 'अज्ञात' काढून ते सरकवलं. कोणीतरी पाहिलं, काढलं. मी दुसरं लावलं. तेही काढलं. मी पुन्हा लावलं. दालनातले पहारेकरी माझ्याकडे न बघता बाजूला व्हायला शिकले. नवरा म्हणाला, घराचे हप्ते चालू आहेत, जरा दमानं घे. मी दमानं घेतलं नाही.

शेवटी मला मेमो आला. संग्रहालयाच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह. आपण दालनातील 'मिठागर' या चित्राखाली विनापरवानगी वारंवार कार्ड लावले, त्यावर चित्रकार म्हणून, आणि इथे काकांचं पूर्ण नाव, राहणार डोंगरी, असा मजकूर होता. याबाबत लेखी खुलासा करावा. खाली अभिरक्षकांची सही आणि शिक्का.

मी तो मेमो दोनदा वाचला आणि भरल्या कार्यालयात मोठ्याने हसले. साहेबांना हवा होता तो कागद साहेबांनीच लिहून दिला होता. चित्राचं नाव, चित्रकाराचं नाव, गाव, एकाच वाक्यात, सहीशिक्क्यानिशी. तो मी रीतसर आवक केला, त्या चित्राच्या फायलीत लावला, फायलीच्या पानांना क्रमांक घातले. खुलाशात लिहिलं, मजकूर बरोबर आहे. मग पाटी बदला म्हणून अर्ज केला, सोबत त्याच मेमोची प्रत जोडून. मला वर्षाची पगारवाढ मिळाली नाही. पाटी तशीच राहिली, आणि त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. तो जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

मेमोची एक प्रत घेऊन मी डोंगरीला गेले. काका ओट्यावर बसले होते. तब्येत उतरली होती, चष्मा नाकावर थांबत नव्हता. मी म्हटलं, "काका, चित्राखाली नाही जमलं अजून. पण हे त्यांनी लिहून दिलंय."

त्यांनी आपलं नाव असलेल्या ओळीवर बोट ठेवून ती सावकाश वाचली. मग बोट खाली सहीपर्यंत नेलं.

"ही सही कोनाची?"

"कागद मागणाऱ्या त्या साहेबांची."

काकांनी कागद उलटा केला, उजेडाकडे धरून मागची कोरी बाजू वरपासून खालपर्यंत बघितली.

"हिच्या मागं कोनाचं नाव न्हाय ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका."

"मंग बरं," ते म्हणाले, आणि कागद घडी न घालता हातात धरून बसले.