पक्की मतं

मतदानाच्या दिवशी सकाळी सहाला रत्नपाल शहारे पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून गावच्या शाळेतल्या खोलीत जाऊन बसायचा. त्याच बाकावर, हातभर अंतर सोडून, लक्ष्मीचंद रहांगडाले बसायचे. दोघे दोन पक्षांचे पोलिंग एजंट. वीस वर्षांत त्यांचं आपसात बोलणं झालं ते आक्षेपापुरतंच. एकाने म्हणायचं, हा मतदार मेला. दुसऱ्याने म्हणायचं, मेला नाही, नागपूरला आहे.

रत्नपालचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. कोहमाऱ्याहून आत वळलं की आठ किलोमीटरवर त्याचं गाव, आणि गावाच्या तोंडाशी नाला. नाल्यावर ये-जा करायला सिमेंटचा ठेंगणा रपटा. पावसाळ्यात पाणी त्यावरून वाहायचं आणि पोरांची शाळा चार-चार दिवस बुडायची. एका श्रावणात त्याची मुलगी स्नेहल सायकलीसकट रपट्यावरून घसरली. काठच्या झुडपात अडकली म्हणून वाचली. त्या दिवसापासून रत्नपालने पुलाचा ध्यास घेतला.

तो आपल्या नेत्याकडे गेला. नेता म्हणाला, "आपण विरोधात आहो. सत्ता येऊ दे."

सत्ता काही आली नाही. नेताच एका सकाळी सत्तेकडे निघून गेला. रत्नपालला संताप आला आणि दुपारपर्यंत जरा बरंही वाटलं. नेता गेला तर गेला, पूल तरी येईल! नवा अर्ज लिहून तो सत्ताधारी पक्षाच्या आमदारांच्या कार्यालयात पोचला. बाहेरच्या खुर्चीवर लक्ष्मीचंद बसलेले, हातात पुलाचाच अर्ज. आमदार त्यांच्याच पक्षाचे. त्यांची नात खुशी त्याच रपट्यावरून शाळेत जायची.

आमदार नव्हतेच. त्यांच्या सहायकाने दोघांना एकदमच आत घेतलं आणि कॉम्प्युटरवर गावाची मतं काढून पाहिली.

"लक्ष्मीचंदभाऊ, तुमच्या मोहल्ल्याची मतं आमचीच. पक्की. तुमी कुठं जाणार?" मग तो रत्नपालकडे वळला. "अन् तुमच्या मोहल्ल्याची आमाले कधी पडली नाई, पडणारही नाई. तेही पक्कंच."

"पण आमचा नेता आता तुमच्यातच आहे ना!"

"नेता आला, भाऊ. मतं नाई आली."

पूल दुसऱ्याच गावाला मंजूर झाला होता. तिथली मतं दर निवडणुकीला इकडची तिकडे व्हायची.

परतताना लक्ष्मीचंद रत्नपालच्या गाडीवर मागे बसले. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहाला थांबले.

"वीस वर्षं पक्षासाठी राबलो," लक्ष्मीचंद म्हणाले, "अन् तो म्हणते, तुमी कुठं जाणार!"

"तुमी घरचे म्हणून नाई, मी परका म्हणून नाई," रत्नपाल म्हणाला. "मंग हे लोक काम कोणाचं करून राहिले, भाऊ?"

लक्ष्मीचंदांनी विचार केला. "ज्याचा भरोसा नाई, त्याचं."

पुढच्या निवडणुकीत शाळेतला तो बाक रिकामा राहिला. दोघांनीही एजंट व्हायला नकार दिला होता. दहा वाजायच्या आत जुन्या नेत्याचा रत्नपालला फोन आला. "कोणी फोडलं तुले?" पुलाचं कारण रत्नपालने तीनदा सांगितलं. तीनही वेळा नेत्याने तिसऱ्या पक्षाचं नाव विचारलं.

पूल झाला नाही. ऑगस्टमध्ये नाला चढला तेव्हा लक्ष्मीचंदांनी ट्रॅक्टर काढला. रत्नपाल रपट्याच्या तोंडाशी बांबू घेऊन उभा राहायचा, पाणी मोजायचा आणि हात वर केला की ट्रॉली निघायची. पहिले दोन दिवस रहांगडाल्यांच्या ट्रॉलीत पोरं बसवायला त्याच्या मोहल्ल्यातल्या बाया कचरल्या. तिसऱ्या दिवशी जागा पुरेना.

कोणीतरी फोटो काढला. संध्याकाळी स्नेहलने मोबाइल बापापुढे धरला. आमदारांच्या फेसबुक पानावर तोच फोटो, कोपऱ्यात ट्रॉलीहून मोठा आमदारांचा हसरा चेहरा, आणि वर ओळ: 'आमच्या कार्यकर्त्यांची निःस्वार्थ सेवा'.

रत्नपालने सहायकाला फोन लावला. "तो फोटो काढून टाका. आमी तुमचे कार्यकर्ते नाई."

"काऊन, भाऊ? लोकायले लय आवडला. पण चूक असन तं सुधारतो."

त्याने शब्द पाळला. तासाभरात फोटोवरची ओळ बदलली. आता तिथे लिहिलं होतं: 'आमचे समाधानी मतदार'.