उंब्रजहून आलेलं जुनं ग्राफिक्स कार्ड

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, ते इथे रिकामं करते.

आमच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, जळलं. यांच्या उंब्रजच्या मित्राने आपल्या जुन्या मशीनमधलं काढून दिलं. ते बसवायला आम्ही दोघं सांगलीतल्या एका दुकानात गेलो. आयुष्यभर गल्लीचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माझ्या नवऱ्याचे हात आता थरथरतात. ते पाहून दुकानदार यांना वगळून मला म्हणतो, "काकू, या जुन्या कार्डासाठी काकांना कशाला त्रास देताय? नवीनच घ्या की!"

मी कार्ड उचललं आणि यांना घेऊन घरी आले.

"आता कोण बसवणार?" यांनी हळूच विचारलं.

"मी. तुम्ही फक्त सांगा."

"आधी प्लग काढ. पेटी उघड, तिच्या पत्र्याला हात लाव, म्हणजे अंगातली वीज उतरेल. जळकं कार्ड काढ. हे कडेनं धर. आता दाब. अगं दाब, गोंजारतेस काय!"

"मोडलं तर?"

"चाळीस वर्षांच्या संसारात तुझ्या हातून मी मोडलो का?"

हसत हसत जोर लावला आणि कार्ड टक्कन खाचेत बसलं. मॉनिटरची वायर जोडली, बटण दाबलं, पडदा उजळला.

यांनी लगेच मित्राला फोन लावला. "चालू झालं रं गड्या! मी बसवलं!"

मी बसवलं म्हणे! माझी बोटं अजून ठणकतायत. तरी तोंड आवरलं, कारण खरंच यांनीच बसवलं होतं.

तुमच्या घरी कुणाचे हात थकले म्हणून तुम्ही त्यांना काही विचारायचंच सोडलंय का?