सभागृहातले स्टीलचे पेले

आमच्या नगरपरिषदेच्या सभेत बाटलीबंद पाणी बंद करून स्टीलचे जग आणि पेले घ्यावेत, हा प्रस्ताव मुख्याधिकारी म्हणून माझाच. खर्च वाचेल, कचराही कमी होईल, असं मी लिहिलं होतं. परवा पहिल्यांदा पेले मांडले, तर बराच वेळ कुणी हातच लावेना.

"साहेब, बचत करायला आमची तहानच सापडली का?" एक नगरसेवक म्हणाले.

"का हो भाऊ, घरी काय सीलबंद पिता?" शेजारच्या नगरसेविका ताईंनी विचारलं.

सगळे हसले. भाऊही हसले, आणि पेला उंच धरून, ओठ न लावता, वरूनच प्यायले.

मला गंमत वाटत राहिली. बाटलीचं सील आपणच मोडलं की ते पाणी कुणाच्या हातचं, हा प्रश्नच उरत नाही. पेला मात्र कुणीतरी घासलेला असतो, विसळलेला असतो. मग इतकी वर्षं आपण पाणी विकत घेत होतो, की ते हात न दिसण्याची सोय?

आता खरं सांगूनच टाकतो. सकाळपासून पेले घासणाऱ्या आमच्या शिपाई सुमनताईंनी माझ्यापुढे पेला ठेवला, तेव्हा माझा रुमाल आपसूक बाहेर आला आणि मी पेल्याचा काठ पुसला. त्यांच्यादेखत.

"ओला राहिला का, साहेब? द्या, दुसरा देते."

पेला कोरडाच होता. तसं म्हणालो असतो, तर मग पुसला कशाला, हे सांगावं लागलं असतं. मी तो त्यांच्या हातात दिला.