लेखावरचा अंगठा

"हा लेख नाही, हा अर्ज आहे," तांबेगुरुजी म्हणाले आणि माझे चार कागद त्यांनी माझ्याच पेटीवर ठेवले. "कुणाला केलायस? मामलेदारांना?"

मी शेवटचं पान पाहिलं. खरंच लिहिलं होतं, 'तरी वाचकांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा, ही नम्र विनंती.'

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. महाडला कचेरीच्या कुंपणाला लागून पत्र्याखाली मी बसायचो. अर्ज लिहिणारा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे रेशनकार्डाचे, सातबाऱ्याचे, दाखल्याचे अर्ज मी लिहायचो. पत्रंही लिहायचो, आलेली वाचून दाखवायचो. धंद्याचा एक नियम वडिलांनी घालून दिलेला. कागद पुरा झाला की माणसाला वाचून दाखवायचा. त्यानं 'बरोबर हाय' म्हटलं की खाली ओळ टाकायची, 'मजकूर वाचून दाखवला, कबूल', आणि मग अंगठा. त्याशिवाय कागद पेटीवरून हलवायचा नाही.

गुरुजी रिटायर शिक्षक, मूळचे पोलादपूरकडचे. गावातल्या एका साप्ताहिकाचं एक पान तेच बघायचे. माझ्याकडे आले ते पेन्शनसाठी. स्वतः दोनदा अर्ज केला होता, फार सुंदर भाषेत. कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मी आठ ओळींत लिहून दिला आणि काम झालं. तेव्हापासून हात धुऊन मागे लागले. "स्वतःचा अनुभव लिही रे. मी छापतो."

मला वाटलं, त्यात काय? दिवसाला वीस वेळा 'मी' लिहितो. मी, खाली अंगठा करणार अमुक, राहणार उमरठ. पण तो 'मी' कधीच मी नव्हतो. स्वतःचा 'मी' लिहायला बसलो की पेन अडायचं.

दुसऱ्या खेपेला वडिलांच्या आजारपणावर लिहिलं. गुरुजींनी 'अतोनात हाल' आणि 'दयनीय अवस्था' या शब्दांवर काट मारली. "झालं काय ते लिही." अर्जात दुःख जरा फुगवावं लागतं, नाहीतर ते साहेबांच्या टेबलापर्यंत पोचत नाही. पण ठीक आहे. फुगवलेलं काढलं. तर म्हणाले, "आता कोरडं झालं. तुला काय वाटलं ते कुठाय?"

मी चक्रावलो. वाढवू नको, आणि कोरडंही ठेवू नको! कचेरीतले साहेब परवडले. ते 'अपूर्ण' असा शेरा मारतात आणि काय अपूर्ण तेही सांगतात.

"गुरुजी, नक्की पाहिजे काय तुम्हाला?"

"खरं. जे विसरता येत नाही असं काहीतरी."

विसरता न येणारं माझ्यासमोर दर महिन्याला येऊन बसत होतं. हलिमाभाभी. नदीपलीकडच्या गावातली, नवरा दाऊद कुवेतला मजुरीला. पत्र माझ्याकडून लिहून घ्यायची. सुरुवात ठरलेली, "इकडची फिकर करू नका, चूल पेटती हाय." सासू पाय घसरून पडलेली, कमरेतून गेलेली, अंथरुणातच सगळं. भाभी हे मला रडत सांगायची आणि डोळे पुसून म्हणायची, "लिव भाऊ, अम्मा खुशाल हाय." दाऊदचा करार दोन वर्षांचा. मध्येच सोडून आला तर पुन्हा कुणी बोलावणार नव्हतं, आणि घराचा नुसता चौथरा झाला होता. म्हणून ती लपवत होती.

मी ते लिहिलं. एका बैठकीत. नाव घातलं नाही, गावही नाही. पण ते चुलीचं वाक्य जसंच्या तसं घातलं. इतकं चांगलं वाक्य कोण सोडणार?

गुरुजींनी वाचलं. चष्मा काढला. एक शब्द बदलला नाही. "जमलं तुला," एवढंच म्हणाले. पुढच्या आठवड्यात छापून आलं. बाजारात दोघांनी हात मिळवला. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी छाती काढून चाललो.

दीड महिन्यानं भाभी आली. हातात पाकीट. "वाच."

मी वाचू लागलो. सलाम, खुशाली. मग पुढची ओळ दिसली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. गावाहून तिकडे गेलेल्या कुणीतरी सुकट बांधून नेली होती ती आमच्याच साप्ताहिकाच्या पानात. दाऊद चौथी शिकलेला. त्यानं लिहिलं होतं, 'पेपरात एका बाईचं छापलंय. चूल पेटती हाय असं ती लिहिते आणि सासू पडून आहे. ती बाई तूच ना? खरं सांग. मी काम टाकून येतो.'

भाभी माझ्या तोंडाकडे बघत होती. "थांबलास का रे?"

ओळ गाळली असती तर तिला कळलं नसतं. तिला अक्षरओळख नव्हती. मनात आलं, नाही म्हणत नाही. पण जे लिहिलंय ते वाचायचं, हेच तर माझं काम. वाचलं. मग म्हणालो, "ते पेपरातलं मीच लिहिलंय, भाभी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पत्राची घडी केली. "तुझ्याजवळ बोलले ते कागदावर जायला बोलले, पण दाऊदच्या कागदावर. लोकांच्या नाय." आणि उठून गेली. पुढच्या महिन्यात ती एस्टी स्टँडजवळच्या दुसऱ्या लिहिणाऱ्यापुढे बसलेली दिसली.

मी तडक गुरुजींकडे गेलो. "तुम्हीच म्हणालात ना, खरं लिही? आता तो माणूस करार मोडून येतोय!"

गुरुजींनी तो अंक पुढ्यात ओढला. "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, तसं झालं आपलं. त्या लेखात तू कुठं होतास?"

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"आधी मलाही दिसलं नाही रे. लेख फार आवडला होता मला."

मी लेख लिहिणं बंद केलं. दाऊद येतो की राहतो, काही कळेना. दर एस्टीतून उतरणाऱ्या माणसाकडे मी चोरासारखा बघायचो.

तीन महिन्यांनी भाभी पुन्हा येऊन बसली, जणू मधे काही झालंच नाही. मीच विचारलं, "दाऊदभाई?"

"नाय आला. मी खरं लिवून घेतलं. अम्मा पडली हाय, मी बघते हाय, करार पुरा करून ये. मानलं त्यानं. आता अम्मासाठी वेगळं पत्र घालतो."

"मग इकडे कशी?"

"तो स्टँडवाला लिवतो बेस. पण वाचून नाय दावत. काय लिवलं अल्लाला ठावं."

मी पेन खाली ठेवलं. जन्मभर शेतसाऱ्याच्या अर्जालाही वाचून दाखवल्याशिवाय हलू दिलं नाही, आणि जिचं आयुष्य छापायला दिलं तिला एक ओळ वाचून दाखवली नव्हती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मग मी ही सगळी हकीकत लिहिली, दाऊदच्या पत्रातली ती ओळ गाळावी असं मनात आलं होतं त्यासकट. आणि गुरुजींच्या आधी भाभीला वाचून दाखवली. ती गालावर हात ठेवून ऐकत होती.

"चुलीचं काढ. ते त्याचं नि माझं हाय."

काढलं. लेखातलं सगळ्यात चांगलं वाक्य होतं ते.

"तू घाबरलास ते ऱ्हाऊ दे. ते बराबर हाय. अंगठा कुठं लावू?"

"लेखावर अंगठा लागत नाही, भाभी."

"का? माझं नाय का ह्यात?"

मी शाईची डबी उघडली.

करार पुरा करून दाऊद आला, घराला भिंती चढल्या, आणि इतक्या वर्षांनी चुलीचं ते वाक्य आज पुन्हा छापतोय तेही भाभीला विचारूनच. गुरुजींनी तेव्हा शेवटच्या पानावरचा निळा ठसा पाहिला, खाली सही केली आणि कागद छापखान्यात पाठवले. कंपोझिटरचा निरोप आला, खालचा डाग छापायचा का?

त्यांनी कळवलं, डाग राहू दे, पण मजकुरातला एक शब्दही हलवायचा नाही. वाचून दाखवलेला आहे.